चित्रकार सय्यद हैदर रझा : एका ठिपक्याची तालीम

आपल्या समाजातील कर्तबगार माणसांची नावे मुलांना सांगताना आपण वकील, डॉक्टर, न्यायाधीश, प्राध्यापक, जहाजावरचे कप्तान अशी यादी वाचतो. त्या यादीत चित्रकाराचे नाव सहसा नसते. असलेच तर ते शेवटी आणि थोड्या संकोचाने घेतले जाते. मुलगा वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढू लागला की घरातील वडीलधारी मंडळी दोन प्रश्न विचारतात. एक, यातून पोट भरेल काय? दुसरा, हे आपल्याला शोभेल काय? दोन्ही प्रश्न खोटे नाहीत. आईबापाच्या काळजीतूनच ते आलेले असतात. म्हणूनच ते टाळून न जाता, ज्या माणसाला ते आयुष्यभर सामोरे आले त्याची हकीकत या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

हा माणूस म्हणजे सय्यद हैदर रझा. विसाव्या शतकातील भारतीय अमूर्त चित्रकलेत जी दोन-चार नावे सर्वप्रथम घ्यावी लागतात त्यांपैकी हे एक. त्यांचा जन्म मध्य प्रदेशातील, पण चित्रकार म्हणून घडण झाली ती नागपूर आणि मुंबई या आपल्या महाराष्ट्रातील दोन शहरांत.

बालपण आणि भिंतीवरचा ठिपका

रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या खेड्यात झाला. वडील सय्यद मोहम्मद रझी हे जंगल खात्यात डेप्युटी रेंजर होते. आईचे नाव ताहिरा बेगम. नर्मदेच्या खोऱ्यातील घनदाट अरण्य, दिवसा गोंड आदिवासींचे बाजार आणि रात्री डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा काळोख, अशा वातावरणात हे मूल वाढले. त्या काळोखाचे भय आणि सकाळी उजाडल्यावर वाटणारा दिलासा या दोन्ही गोष्टी रझा म्हातारपणीही सांगत असत. त्यांच्या चित्रांतील गडद काळा आणि त्यातून फुटणारा तांबडा-पिवळा रंग यांचे मूळ तेथे आहे.

शाळेत हा मुलगा हूड होता. चित्त एका जागी ठरत नसे. त्याचे शिक्षक नंदलाल झारिया यांनी त्याला शिक्षा केली नाही. त्यांनी शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितले, बाकी सारे विसरून याच्याकडे बघत बस. मुलगा बसला. हळूहळू मन थाऱ्यावर आले. त्या वेळी त्याला त्याचा अर्थ कळला नसेल, परंतु तो ठिपका मनात रुतून राहिला आणि पन्नास वर्षांनी त्याच ठिपक्याने त्याला जगभर ओळख दिली.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबावे. खेड्यातील एका प्राथमिक शिक्षकाने, हाती खडू आणि समोर भिंत एवढ्याच साधनांनी, जे काम केले ते मोठमोठ्या अकादमींना जमत नाही. आपल्या संस्थेच्या शाळांतील गुरुजनांनीही ही गोष्ट मनाशी ठेवावी. मुलाचे व्रात्यपण हे कधीकधी भांडवल असते. ते कोठे गुंतवावे हे दाखवणारा कोणीतरी हवा.

नागपूर ते मुंबई

दमोह येथील शालेय शिक्षण संपवून रझा १९३९ साली नागपूरच्या कला शाळेत दाखल झाले आणि १९४३ पर्यंत तेथे शिकले. नंतर मुंबईस येऊन सर ज. जी. कला शाळेत १९४७ पर्यंत त्यांनी शिक्षण घेतले. ही शाळा सर जमशेटजी जीजीभाई या पारशी दानशूराने दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाली होती. एका समाजाच्या धनिकाने दिलेला पैसा सर्व जातिधर्मांच्या मुलांना दीडशेहून अधिक वर्षे शिकवीत आला आहे. शैक्षणिक संस्था चालवणाऱ्यांनी लक्षात घ्यावा असा हा दाखला आहे.

मुंबईत रझा यांना आयते काही मिळाले नाही. एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओ नावाच्या छपाईचे ठसे करणाऱ्या कारखान्यात ते आरेखनाचे काम करीत आणि उरलेल्या वेळात चित्रे काढीत. मुंबईचे रस्ते, पाऊस, गर्दी यांची जलरंगातील चित्रे त्यांनी या काळात केली. त्यांच्या कामाकडे प्रथम ज्यांचे लक्ष गेले ती माणसे होती रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर. हिटलरच्या अमदानीत युरोप सोडून मुंबईच्या आश्रयाला आलेली ही मंडळी. एकाने वर्तमानपत्रात परीक्षणे लिहिली, दुसऱ्याने आपल्या घरी चित्रकारांना जमवून मार्गदर्शन केले, तिसऱ्याने चित्रे विकत घेतली. १९४६ साली रझांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि १९४८ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले.

१९४७ साली फ्रान्सिस न्यूटन सोझा यांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. आरंभीचे सहा सभासद पाहा : गोव्याचे ख्रिस्ती सोझा, घरगडी म्हणून राबलेले आरा, पंढरपुरात जन्मलेले व सिनेमाचे फलक रंगवणारे मकबूल फिदा हुसेन, शिल्पकार सदानंद बाकरे, विदर्भातून आलेले हरी अंबादास गाडे आणि रझा. जात, धर्म, भाषा, घरची परिस्थिती यांतील काहीही समान नाही. समान होती ती एकच गोष्ट, जुन्याची नक्कल करणार नाही ही जिद्द. देश रक्तबंबाळ होत असताना मुंबईच्या एका कोपऱ्यात सहा तरुण एकत्र बसून रंगांविषयी भांडत होते, हे इतिहासाने विसरू नये.

फाळणी आणि एक निर्णय

रझांच्या आयुष्यातील कसोटीचा काळ हाच. १९४७ साली आई वारली, १९४८ साली वडील वारले. भाऊ-बहीण पाकिस्तानात निघून गेले. पहिली पत्नीही तिकडे गेली. पंचविशी नुकतीच उलटलेला हा तरुण मात्र येथेच राहिला. मंडल्यात लहानपणी त्याने गांधीजींना पाहिले होते आणि तो ठसा पुसला गेला नव्हता. अखेरच्या वर्षांत त्यांनी गांधीजींच्या स्मरणार्थ चित्रेही केली.

आपल्या कोकणातील कित्येक कुटुंबांना अशी ताटातूट ठाऊक आहे. एक भाऊ कराचीत, एक मुंबईत, आणि आईची कबर गावच्या कब्रस्तानात. अशा वेळी कोणी कोठे राहावे हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न होता. गेलेल्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण राहिलेल्यांनी काय राखले हेही पाहिले पाहिजे. रझा पुढे साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले, परंतु भारतीय नागरिकत्व त्यांनी सोडले नाही.

पॅरिसची वाट

१९४८ साली रझा काश्मीरला चित्रे काढण्यासाठी गेले. श्रीनगरात त्यांची गाठ विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. चित्रे पाहून ते म्हणाले की तुमच्यात गुण आहे, पण चित्राला इमारतीसारखा पाया आणि बांधणी लागते, ती येथे कमी आहे. सेझानचा अभ्यास करा. दुसरा कोणी असता तर रुसून बसला असता. रझांनी मुंबईस परतून फ्रेंच भाषेची शिकवणी धरली, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० साली ते पॅरिसला रवाना झाले. १९५३ पर्यंत तेथील राष्ट्रीय कला शाळेत त्यांनी शिक्षण घेतले.

टीका ऐकून वही मिटणारा आणि टीका ऐकून नवी भाषा शिकायला बसणारा, यांतील अंतर मुलांनी ओळखावे.

१९५६ साली रझांना फ्रान्समधील समीक्षकांचा प्रतिष्ठेचा पुरस्कार, प्री द ला क्रितीक, मिळाला. फ्रान्सबाहेरच्या चित्रकाराला तो प्रथमच मिळत होता. १९५९ साली त्यांनी जानीन माँझिला या फ्रेंच चित्रकर्तीशी विवाह केला. १९६२ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत त्यांनी अध्यापन केले. तेथे अमेरिकन अमूर्त चित्रकारांचे, विशेषतः मार्क रॉथको यांचे काम त्यांनी जवळून पाहिले. रेखीव घरे आणि चर्चचे मनोरे त्यांच्या चित्रांतून विरघळू लागले, उरले ते रंगांचे लोट.

अमूर्त म्हणजे काय?

पुष्कळ पालक विचारतील, ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही, ते चित्र कसले? उत्तर आपल्या अंगणातच आहे. विजापूरच्या इब्राहीम रोझ्याच्या भिंती पाहा. तेथे दगडात अक्षरे आणि भौमितिक जाळ्या कोरल्या आहेत. माणसाची आकृती नाही, तरी पाहणारा तासभर खिळून राहतो. मशिदीच्या जाळीतून पडणारे उन्हाचे कवडसे, हाताने विणलेल्या चटईचे चौकोन, कुराणशरीफच्या जुन्या हस्तलिखितावरील बेलबुट्टी यांतही कोणा वस्तूचे चित्र नसते. तेथे मांडणी असते, ताल असतो, रंगांची एकमेकांशी बोलणी असतात. अमूर्त चित्रकला तेच करते.

सजीवांची चित्रे काढावीत की नाही याविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो विषय त्यांचा आहे. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की ज्याला त्या बाबतीत मनात किंतु आहे त्याच्यापुढेही रेषा, रंग, अक्षर आणि आकार यांचे विशाल मैदान मोकळे आहे. आपल्या बुजुर्गांनी ते शेकडो वर्षे गाजवले आहे.

दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न मुक्ला नावाचा वजीर होऊन गेला. तो थोर खुशनवीस होता. अक्षरांची मापे ठरवताना त्याने एकक घेतले ते नुक्त्याचे, म्हणजे बोरूच्या एका दाबाने उमटणाऱ्या ठिपक्याचे. अलिफ किती नुक्त्यांएवढा उंच, बे किती नुक्त्यांएवढी लांब, हे त्यावरून ठरे. उर्दू शिकणाऱ्या मुलांना नुक्त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तोच नुक्ता वर दिला की ‘खुदा’ होते आणि खाली दिला की ‘जुदा’ होते. एका ठिपक्यात एवढे सामर्थ्य असते.

बिंदूकडे परत

१९७० च्या सुमारास रझांकडे कीर्ती होती, पैसा होता, तरी समाधान नव्हते. आपण उत्तम फ्रेंच चित्रे काढतो, पण त्यात आपले असे काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला. ते वारंवार भारतात येऊ लागले. अजिंठा, वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात अशी भ्रमंती झाली. मंडल्याचे जंगलही पुन्हा पाहिले. या शोधात लहानपणचा तो भिंतीवरचा ठिपका परत आला. १९८० च्या आसपास रझांच्या चित्राच्या मध्यभागी मोठा काळा वर्तुळाकार बिंदू स्थिर झाला. भोवती त्रिकोण, चौकोन, वर्तुळे, आणि पंचमहाभूतांचे पाच रंग. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात त्यांनी देवनागरी अक्षरेही लिहिली.

बिंदू, बीज, प्रकृती-पुरुष असे शब्द मुसलमान चित्रकाराने का वापरावेत, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. इतर काहींना त्याचाच गवगवा करावासा वाटेल. रझांनी दोन्ही गोष्टींकडे दुर्लक्ष केले. ज्या मातीत वाढलो तिची भाषा ही आपलीच भाषा, तिच्यासाठी कोणाकडे परवाना मागायचा नाही, अशी त्यांची वागणूक होती. त्यांना तो ठिपका देणारे गुरुजी हिंदू होते आणि तो आयुष्यभर जपणारा शिष्य सय्यद घराण्यातला होता. मृत्यूनंतर त्यांचे दफन कोठे झाले ते पुढे येईलच.

कुणकेश्वरच्या परिसरातील वाचकांना यात नवल वाटू नये. येथील शंकराच्या मंदिराची दंतकथा आपण सारे जाणतो. तुफानात सापडलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्याला किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसला, त्या दिशेने गलबत सुखरूप लागले आणि त्याने कृतज्ञतेने मंदिर बांधून काढले असे सांगतात. त्याची म्हणून दाखवली जाणारी कबरही मंदिरालगत आहे. दंतकथा ती दंतकथाच. पण काळ्या समुद्रावर प्रकाशाचा एक ठिपका दिसणे म्हणजे काय, हे आपल्या दर्यावर्दी पूर्वजांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

इतर काही वाटसरू

हा प्रवास एकट्या रझांचा नाही. सुदानमधील इब्राहीम अल-सलाही यांचे उदाहरण घ्यावे. ते १९३० साली ओम्दुरमान येथे जन्मले. वडील घरीच कुराणाची शाळा चालवीत. लाकडी तख्तीवर आयती लिहिता लिहिता मुलाचा हात अक्षरावर बसला. १९५४ ते १९५७ लंडनच्या स्लेड शाळेत शिकून ते मायदेशी परतले, खार्तूमला प्रदर्शन मांडले, आणि लोकांनी पाठ फिरवली. सलाहींनी लोकांना नावे ठेवली नाहीत. घराघरांतील नक्षीकाम आणि अरबी अक्षरे यांचा त्यांनी नव्याने अभ्यास केला, अक्षरे उकलून त्यांतून आकृती काढल्या आणि आपल्या लोकांना ओळखीचे वाटेल असे नवे चित्र घडवले. १९७५ साली त्यांना सहा महिने तुरुंगात काढावे लागले. २०१३ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरले. तख्ती आणि भिंत, दोन्हींची गोष्ट एकच आहे.

आपल्याकडे वासुदेव गायतोंडे हे या क्षेत्रातील दुसरे मोठे नाव. मूळ गोव्याच्या घराण्यातील गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, ज. जी. मध्ये शिकले आणि अबोलपणे काम करीत २००१ साली वारले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन मांडले. आणि खास आपल्या माणसांपैकी म्हणाल तर अब्दुल अझीझ रायबा. कोकणी मुस्लिम कुटुंबातले, मुंबईत जन्मलेले, ज. जी. चे विद्यार्थी. गोणपाटावर चित्रे रंगवण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. ते अमूर्त चित्रकार नव्हते, पण त्यांचा जन्म रझांच्याच वर्षी, १९२२ साली, आणि मृत्यूही २०१६ सालीच. रझांचे नाव निदान वर्तमानपत्रांतून तरी कानावर येते. रायबांचे नाव आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

अखेरचे दिवस

मानसन्मान रझांकडे उशिरा पण भरभरून आले. १९८१ साली पद्मश्री, २००७ साली पद्मभूषण, २०१३ साली पद्मविभूषण. २०१० साली त्यांचे १९८३ चे ‘सौराष्ट्र’ हे चित्र लंडनच्या लिलावात सुमारे साडेसोळा कोटी रुपयांना गेले. २०२३ साली ‘जेस्टेशन’ हे १९८९ चे चित्र मुंबईत पावणेबावन्न कोटी रुपयांना विकले गेले. आकडे डोळे दिपवणारे आहेत, परंतु यांतून चुकीचा धडा घेऊ नये. लिलावातला पैसा सहसा चित्राच्या मालकाला मिळतो, चित्रकाराला नव्हे. रझांचे खरे वैभव असे की त्यांनी २००१ साली रझा फाउंडेशन ही संस्था उभी केली आणि तरुण चित्रकार, कवी, गायक, नर्तक यांच्या मदतीस ती लावून दिली.

पत्नी जानीन २००२ साली वारल्या. २०१० च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, रझा कायमचे भारतात परतले. दिल्लीत चाकाच्या खुर्चीत बसूनही ते रोज रंगवीत. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले. २०२३ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात त्यांच्या चित्रांचे भव्य प्रदर्शन भरले, तेव्हा ज्या शहराने त्यांना घडवले त्याने त्यांना शेवटचा सलाम केला. माती मात्र त्यांनी नर्मदेची निवडली.

आपल्यासाठी बोध

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळू. पोट भरेल काय? रझांनी कारखान्यात नोकरी करून चित्रे काढली, हे विसरू नये. कलेबरोबर कष्ट आणि शिस्त लागतेच. आज वास्तुकला, कापडावरील नक्षी, छपाई, जाहिरात, पुस्तकांची सजावट, कलाशिक्षण अशी अनेक दारे उघडी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा खेड्यातील मुलालाही देता येतात. मुलींनी तर अवश्य द्याव्यात. मेंदीच्या नक्षीत ज्यांचा हात चालतो त्यांना रेषेची भीती कसली? आपल्या शेजारीच सावंतवाडी आहे. तेथील गोल गंजिफा आणि लाकडी खेळणी यांनी कित्येक हातांना काम दिले. गंजिफा हा खेळ इराणकडून आला आणि सावंतवाडीत दशावतार होऊन बसला, हीसुद्धा आपल्या प्रदेशाचीच कहाणी आहे.

दुसरा प्रश्न, हे आपल्याला शोभेल काय? ज्या समाजाने अलिफपासून इमारतीच्या घुमटापर्यंत प्रत्येक वस्तू सुंदर करून दाखवली, त्याला रेषा आणि रंग शोभणार नाहीत तर काय शोभेल? प्रत्येक मूल रझा होणार नाही, व्हावेही असे नाही. परंतु आपल्या शाळेतील एखादे अस्वस्थ मूल भिंतीकडे पाहत बसलेले दिसले, तर त्याला दटावण्यापूर्वी ते काय पाहते आहे एवढे आपण विचारावे.

पालकांनी पुढच्या वर्षी वह्यापुस्तकांच्या यादीत एक रंगपेटी वाढवावी आणि संस्थेने वार्षिक बक्षिसांत चित्रकलेचे एक बक्षीस ठेवावे, एवढीच नम्र सूचना. आपल्या मुलांच्या हाताला हुनर आणि नजरेला ठाव मिळो, हीच परवरदिगारापाशी दुआ.